मोठ्यानं वाचणाऱ्या मुली

माझा आवाज गोड नाही. लहानपणी नाताळच्या गाण्यांना मला मागच्या रांगेत उभं करायचे आणि आमचे पाळक हळूच सांगायचे, "एस्तेर, तू नुसते ओठ हलव." पण हाच आवाज पुढे तीस खाटांच्या वॉर्डात या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायचा, आणि पोचला की पोरी कामाला लागायच्या. चौतीस वर्षं मी नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. मराठवाड्यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात जा, एखादी तरी सिस्टर सापडेलच जिला मी कधीतरी रडवलंय. "उजागरे बाई" एवढं नाव घेतलं तरी काहीजणी अजून आपोआप ताठ उभ्या राहतात. याचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, भारी अभिमान होता.

तर ज्या दुपारी दगडू पांचाळ गेला, त्या दुपारी त्याच्या खाटेपाशी "दे" म्हणणारी बाई मीच होते. आणि त्याच वेळी मी तिथून सव्वाशे किलोमीटरवर, माझ्या घरी, जेवून आडवी झाले होते.

कसं ते नीट सांगते. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. तिथल्या माणसांना लोकांनी आधीच पुरेसं बोलून घेतलंय.

मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. २०३४ साल. एक दिवस पुण्याहून ईशान मोहरीर नावाचा एक इंजिनियर घरी आला. वय असेल तिशीचं, आणि बोलायला इतका सभ्य की मला आधी संशयच आला. चहा घेतला, कप स्वतः उचलून मोरीत ठेवला, आणि मग मुद्द्यावर आला.

"मॅडम, आम्ही तालुक्याच्या दवाखान्यांतल्या सगळ्या नर्सना एक प्रश्न विचारला. पेशंट अचानक बिघडला, तुम्ही घाबरलात, तर तुमच्या डोक्यात कुणाचा आवाज येतो? आईचा, देवाचा, कुणाचाही चालेल. दहातल्या चारजणींनी तुमचं नाव लिहिलंय."

"बाकीच्या सहाजणींना मी शिकवलं नसेल," मी म्हटलं.

तो हसला नाही. त्यानं खिशातून घड्याळाच्या पट्ट्यासारखी एक पट्टी काढून टेबलावर ठेवली.

त्यानं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. माणसाला हुकूम ऐकू येतो आणि त्याचा हात हलतो, या दोन्हींच्या मध्ये थोडा वेळ जातो. हुकूम काय आहे हे बघायच्या आधी मेंदू बघतो की तो देतंय कोण. अनोळखी माणसानं फोनवरून सांगितलं तर हात हलायला चार-पाच सेकंद लागतात. विश्वासाच्या माणसानं सांगितलं तर अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही. आता तालुक्याच्या दवाखान्यांत अतिदक्षता विभाग उघडले होते, पण तिथं मोठे डॉक्टर जायला तयार नव्हते. म्हणून पुण्यात एका खोलीत बसलेला एक डॉक्टर बत्तीस दवाखान्यांतले पेशंट पडद्यावर बघायचा आणि तिथल्या सिस्टरला कानातल्या यंत्रातून सांगायचा. पोरी त्या डॉक्टरला ओळखत नव्हत्या. "काय म्हणालात सर? पुन्हा सांगा सर," यातच वेळ जायचा, आणि त्या वेळात माणसं दगावत होती.

"सांगणार डॉक्टरच," ईशान म्हणाला. "फक्त सिस्टरच्या कानात ते तुमच्या आवाजात जाईल. प्रत्येकीसाठी थोडं वेगळं. कुणासाठी वाक्याच्या शेवटी आवाज जास्त खाली उतरेल, कुणासाठी बोलायच्या आधी क्षणभर शांतता असेल. ही पट्टी हात किती लवकर हलला ते मोजते, आणि यंत्र शिकत जातं की या मुलीला कसं सांगितलं की ती लगेच ऐकते."

"म्हणजे पोरींच्या मनातली शंका काढून टाकायची?"

"शंका नाही मॅडम. विलंब."

मला तो शब्द आवडला. विलंबाशी माझं जन्माचं वैर. माझ्या वर्गातलं पहिलंच वाक्य असायचं, 'वेळ घालवू नका, पेशंटकडे वेळ नसतो.' मी त्याच दिवशी हो म्हटलं.

पुण्यात नऊ दिवस काचेच्या खोलीत बसून मी वाक्यं बोलले. चार हजार शंभर वाक्यं. सगळ्यात जास्त वेळा बोलायला लावलं ते "बरोबर, दे." ही माझी जुनी पद्धत होती. औषध देण्याआधी मुलीनं बाटली हातात घ्यायची आणि मोठ्यानं वाचायचं: औषध कुठलं, कशात, किती वेळात. मी ऐकायची आणि म्हणायची, "बरोबर, दे." मगच सुई. कंपनीनं ही पद्धत जशीच्या तशी उचलली. मुलीनं वाचायचं, यंत्रानं ते डॉक्टरच्या हुकुमाशी ताडून बघायचं, आणि जुळलं की माझ्या आवाजात "बरोबर, दे." नाही जुळलं तर "थांब."

यंत्राचं नाव ठेवलं 'सोबत.' मी पैसे घेतले नाहीत. शाल आणि नारळ घेतला.

आणि ते चाललं, बरं का. हे मी नाकारणार नाही. पहिल्याच वर्षी त्या बत्तीस दवाखान्यांत आधी जेवढी माणसं जात होती त्यातली कितीतरी घरी चालत गेली. एका लग्नात एक आजोबा माझ्या पाया पडले. म्हणाले, सिस्टरच्या कानात तुम्ही होता म्हणून मी आहे. मी त्यांना उठवलं आणि दिवसभर हवेत होते.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, संध्याकाळी पाचच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे कुणीतरी नुसतं श्वास घेत होतं.

"कोण बोलतंय? बोला की."

"बाई, मी पंचशीला. पंचशीला ढवळे."

आठवली. अंगानं बारीक, अक्षर मोत्यासारखं. तिची आई आमच्या नर्सिंग कॉलेजच्या दवाखान्यात झाडू-पोछा करायची. पोरीनं पहिल्यांदा पांढरा गणवेश घातला त्या दिवशी आई बादली बाजूला ठेवून नुसती बघत उभी राहिली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"काय गं, काय झालं?"

"बाई, तुम्ही मला 'दे' म्हणालात," ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

पुढचं मला ईशानकडून कळलं. दगडू पांचाळ, वय त्रेचाळीस, वेल्डिंगचं दुकान. तीन दिवस जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पोटॅशियम उतरलं होतं. ते भरून काढायला सलाईनमधून पोटॅशियम द्यायचं असतं, पण सावकाश, तासन्‌तास थेंबाथेंबानं. भरकन दिलं तर हृदय जागच्या जागी थांबतं. हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीसुद्धा झोपेत सांगेल. पुण्याच्या डॉक्टरसमोर त्या वेळी पडद्यावर दोन दवाखान्यांच्या खिडक्या उघड्या होत्या. दुसरीकडच्या पेशंटला साधी सलाईन दहा मिनिटांत सोडायची होती. तो वेग डॉक्टरनं चुकून दगडूच्या खिडकीत सांगितला. पडद्यावर इशाऱ्याची पिवळी खूण आली. दिवसातून शंभर वेळा येते तशीच. त्यानं 'पुढे' दाबलं.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पंचशीलानं बाटली हातात घेऊन वाचलं, "पोटॅशियम, सलाईनमध्ये, दहा मिनिटांत."

हुकूम आणि वाचलेलं जुळत होतं.

"बरोबर, दे," मी म्हणाले.

पट्टीच्या नोंदीत लिहिलं होतं: विलंब शून्य पूर्णांक चार सेकंद. तिनं सलाईनचं चाक पूर्ण सोडलं. पावणेचारच्या आत दगडू गेला. खाटेशी त्याची बायको सुंदरबाई त्याच्यासाठी ताकाचा गडवा घेऊन बसली होती.

डॉक्टरचं प्रकरण वेगळ्या समितीकडे गेलं. पंचशीलाची चौकशी नोंदणीच्या समितीपुढे ठेवली. नोंदणी गेली की नर्स म्हणून कुठंही उभं राहता येत नाही, खाजगीतसुद्धा नाही. कंपनीचं म्हणणं होतं की यंत्र चुकलंच नाही, त्यानं डॉक्टरचा हुकूम तंतोतंत पोचवला. शेवटची तपासणी नर्सनं करायची असते. हिनं केलीच नाही, अर्ध्या सेकंदाचाही विचार केला नाही, हा शुद्ध निष्काळजीपणा. पुरावा काय, तर पट्टीची नोंद.

मी चवताळले. माझ्याच आवाजानं माझीच पोरगी मारायला निघाले होते हे लोक. मी वकील गाठला, तिला घरी बोलावलं, समोर बसवलं.

वकिलांनी सांगितलेली दिशा मला पटली होती. पट्टीची नोंद नाकारायचीच नाही, उलट तिच्यावरच उभं राहायचं. विलंब जवळजवळ शून्य, म्हणजे मनात शंका आलीच नाही, आणि शंका आली नाही कारण ती येऊ नये यासाठीच हे यंत्र बनवलंय. ज्या माणसाची शंकाच काढून घेतली त्याला दोष कसा देणार?

"तुला विचारतील, शंका आली होती का. तू म्हणायचं, नाही. एवढंच. रडायचं नाही, गोष्टी सांगायच्या नाहीत. काय म्हणायचं?"

"शंका आली नाही."

"पुन्हा."

"शंका आली नाही, बाई."

"शाबास. मी आहे ना, तू घाबरू नकोस."

तिनं ताटातली भाकरी तशीच ठेवली होती. मी म्हटलं जेव, तर लगेच जेवली. ते बघून मला बरं वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते.

चौकशी पुण्यात एका सरकारी इमारतीत होती. लांब टेबल, तीन सदस्य, अध्यक्षस्थानी डॉक्टर वाडदेकर नावाच्या वयस्क बाई. एका बाजूला ईशान आणि कंपनीचे वकील, एका बाजूला आम्ही. मागच्या खुर्चीवर सुंदरबाई, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी.

माझी साक्ष आधी झाली. मी चांगली बोलले. मला बोलता येतंच. मी सांगितलं की ही मुलगी हुशार होती, शिस्तीची होती, आणि यंत्रानं तिच्या डोक्यातला विचार करायचा क्षणच चोरला. "तिला शंका आली नाही, कारण तिच्या कानात मी होते," असं मी म्हणाले तेव्हा एका सदस्यानं पेन खाली ठेवलं. वकिलांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. काम झालं होतं.

मग ईशानला विचारलं. डॉक्टर वाडदेकर म्हणाल्या, "तुमची पट्टी फक्त हाताचा वेग मोजते? घाम, नाडी, काही नाही?"

"सुरुवातीला घाम मोजत होतो, मॅडम. पण उन्हाळ्यात त्या वॉर्डांत पंखा असतो आणि नसतो. सगळ्यांनाच घाम येतो. नोंदी निरुपयोगी यायच्या. म्हणून ते काढलं. हात पुरेसा आहे. शंका असेल तर हात थांबतो, हे सगळ्या अभ्यासांत दिसलंय."

"ठीक." त्यांनी मागं पाहिलं. "सुंदरबाई, तुम्हाला काही बोलायचंय?"

सुंदरबाई उभ्या राहिल्या. पिशवी छातीशी धरली. त्या आमच्या कुणाकडेच बघत नव्हत्या, सरळ पंचशीलाकडे बघत होत्या.

"मला तुमचं सेकंदाचं काय समजत न्हाई. मला एकच इचारायचंय. ह्या पोरीला कळत व्हतं का? देताना?"

कंपनीचे वकील उठले, आमचेही उठले. दोघांनाही हरकत घ्यायची होती. गंमत बघा, दोन्ही बाजूंना त्या प्रश्नाचं एकच उत्तर पाहिजे होतं. नाही, कळत नव्हतं. त्यांना ती निष्काळजी ठरायला हवी होती, आम्हाला ती निर्दोष. मी टेबलाखालून तिच्या हातावर हात ठेवला आणि दाबला.

तिनं हात सोडवून घेतला आणि उभी राहिली.

"कळत होतं, मावशी."

"पंचशीला, खाली बस," मी म्हणाले.

हुबेहूब तोच आवाज होता. खोलीतल्या सगळ्यांनी तो नोंदींत ऐकला होता. ती बसली नाही.

"मला शंका आली होती. बाटली हातात घेतली तेव्हाच आली. पोटॅशियम असं देत नाहीत, मला माहीत होतं."

"मग तुम्ही विचारलं का नाही?" डॉक्टर वाडदेकरांनी विचारलं.

"विचारलं ना मॅडम."

"नोंदीत तसं काही नाही. तुम्ही फक्त वाचलंय."

"मोठ्यानं वाचलं," पंचशीला म्हणाली. "आम्ही तसंच विचारतो. वरच्या माणसाला 'तुमचं चुकतंय' असं कसं म्हणायचं? आम्हाला कुणी शिकवलं नाही ते. शंका आली की आम्ही जरा मोठ्यानं वाचतो. म्हणजे बाईंच्या लक्षात येईल, आणि बाई 'थांब' म्हणतील. आमच्या सगळ्या बॅचच्या मुली तसंच करतात. मी ओरडून वाचलं होतं मॅडम. आणि बाई म्हणाल्या, बरोबर, दे. मग हात गेला. शंका तशीच होती. हात गेला तरी ती तशीच होती."

चौतीस वर्षांत अशा किती पोरी माझ्यासमोर मोठ्यानं वाचत उभ्या राहिल्या असतील! मोठ्यानं वाचणारी मुलगी मला आवडायची. मला वाटायचं, हिला आत्मविश्वास आहे. मी वार्षिक शेऱ्यात तसं लिहायची.

"आवाजाची पातळी तपासता येईल?" डॉक्टर वाडदेकरांनी ईशानला विचारलं. "आम्हाला ऐकवलं त्यात तर मुलगी शांतपणे वाचतेय."

"यंत्र सगळे आवाज सारख्या पातळीवर आणतं, मॅडम. वॉर्डात गोंगाट असतो म्हणून."

"मूळ ध्वनिफीत आहे?"

ईशाननं आपल्या वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी नकारार्थी बोट हलवलं, तेही आम्हा सगळ्यांसमोर. ईशान नुसता बसून राहिला. चार सेकंदांपेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. मग त्यानं समोरचा संगणक स्वतःकडे ओढला.

आधी पंख्याची घरघर आली. भांडं पडल्याचा आवाज. मग पंचशीला. ती वाचत नव्हतीच, जीव तोडून ओरडत होती. "पोटॅशियम! सलाईनमध्ये! दहा मिनिटांत?" तो प्रश्न होता हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि त्यावर माझा आवाज, खाली उतरलेला, भरवशाचा, जराही न वाढलेला.

"बरोबर, दे."

सुंदरबाई अजून उभ्याच होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या. मग खाली बसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. पंचशीला तिच्या जागेवरून हलली नाही, पण तोंड तिकडेच करून उभी राहिली.

निकाल दीड महिन्यानं आला. दरम्यान समितीनं बत्तीसही दवाखान्यांच्या मूळ ध्वनिफिती मागवल्या. त्यांत मुलींनी आवाज चढवून वाचलेल्या जागा शोधल्या. शेकड्यांनी निघाल्या. बऱ्याच ठिकाणी मुलीची शंका फोल होती, डॉक्टरचंच बरोबर होतं. पण दगडू सोडून अकरा ठिकाणी हुकूम चुकीचा होता आणि मुलीला ते कळलेलं होतं. अकराही ठिकाणी हात अर्ध्या सेकंदात हलला होता. त्या अकरांतली चार माणसं गेली होती, आणि त्यांच्या कागदांवर आजाराचं नाव लिहून फाइल बंद झाली होती. कंपनीनं जगभर सांगितलेला अर्ध्या सेकंदाच्या विलंबाचा आकडा खरा होता, त्याचा अर्थ मात्र साफ खोटा निघाला. 'सोबत' बंद झालं. ईशानची नोकरी गेली असं ऐकलं.

आणि पंचशीलाची नोंदणी तीन वर्षांसाठी रद्द झाली. निकालात लिहिलं होतं की परिचारिकेनं धोका माहीत असूनही औषध दिलं, असं तिच्याच कबुलीवरून सिद्ध होतं. ती गप्प राहिली असती तर सुटली असती. आमच्या वकिलांनी मला ते दोनदा ऐकवलं.

निकालाची प्रत घ्यायला आम्ही दोघी गेलो होतो. मी आत सही करून बाहेर आले तर ती आवारातल्या कडुनिंबाखाली बाकावर बसली होती. शेजारी पिशवी, मांडीवर निकालाचा कागद. मी समोर जाऊन उभी राहिले. माझ्या मुली मला बघून उठतात. ही उठली नाही.

मला राग आला. आधी राग आला, हे खरं ते सांगते.

"मी काय सांगितलं होतं तुला? एक शब्द. एक शब्द बोलायचा होता फक्त. तीन वर्षं घालवलीस. तुझ्या आईनं त्या फरश्या कशासाठी पुसल्या गं? सांग ना!"

"हो बाई, सांगितलं होतं तुम्ही."

"मग?"

"त्या मावशींनी मला विचारलं होतं. तुम्हाला नव्हतं विचारलं."

मग मी नेहमीचं करायला गेले. म्हटलं, "बरं, झालं ते झालं. तुझी यात काही चूक नाही, हे डोक्यात पक्कं कर. चूक डॉक्टरची आणि यंत्राची. मी लातूरच्या प्राचार्यांशी बोलते, तीन वर्षं तिथं प्रयोगशाळेत तुला..."

"नको बाई."

"नको काय? ऐक माझं."

"नको. माझी चूक आहे. थोडी असेल, जास्त असेल, पण माझी आहे. तुम्ही सांगताय म्हणून ती नाही असं मी कसं मानू? तुम्ही सांगितलं म्हणूनच तर दिलं होतं ना." ती चिडून बोलत नव्हती. तिचा चेहरा थकलेला होता, एवढंच. मग तिनं मान वर केली. "बाई, एक विचारू?"

"विचार."

"यंत्र सोडा. समजा त्या दिवशी तुम्ही स्वतः तिथं असता. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांचा हुकूम आलाय. मी ओरडून वाचलंय. तुम्ही काय म्हणाला असता?"

जिभेवर उत्तर तयार होतं. अगं, मी लगेच थांबवलं असतं तुला, मी काय बिनडोक आहे का? चौतीस वर्षं अशीच तयार उत्तरं देऊन मी पोरींना घरी पाठवलं होतं. पण मला ती समितीपुढे दिसत होती, मी 'खाली बस' म्हटल्यावरही उभीच राहिलेली. मी आठवायला लागले. एखादी मुलगी मोठ्यानं वाचतेय आणि मी म्हणतेय, थांब, डॉक्टरांना पुन्हा विचारू. असा एक दिवस. एक तरी. इमारतीच्या जिन्यावरून खालीवर जाणारी माणसं बघत मी एकेक वॉर्ड, एकेक वर्ष धुंडाळलं आणि मला एकही दिवस आठवला नाही. मोठ्या डॉक्टरांचा शब्द मी कधीच अडवला नव्हता. मीसुद्धा कुणाच्यातरी समोर मोठ्यानं वाचणारीच होते. फक्त माझं वय झालं होतं आणि माझा आवाज खाली उतरला होता.

"'बरोबर, दे,' म्हणाले असते," मी सांगितलं.

आवाज फाटला. माझा मलाच ओळखू आला नाही.

पंचशीलानं बाकावरची पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि बाजूला सरकली.

"बसा बाई," ती म्हणाली.

मी बसले.